मैनामायचा अनवाणी हिवाळा

एका बाईनं दिवाळीपासून माघापर्यंत सगळा हिवाळा खर्चून जे कमावलं होतं, ते मी एका संध्याकाळी वज्रीनं घासून काढलं. आधी गरम पाणी, मग वज्री, मग कोमट तेल. आणि हे सगळं मोठ्या भक्तिभावानं केलं, हे विशेष. वाईट हेतूनं केलं असतं तर निदान हुशारीचं नाव तरी मिळालं असतं.

तेव्हा मी नवी नवरी होते. माहेर वाशीमचं. वाशीम म्हणजे शहर अशी माझी समजूत होती, कारण आमच्या घरात बसून आगगाडीची शिट्टी ऐकू यायची आणि वडिलांच्या मनगटावर घड्याळ होतं. सासर मंगरूळपीर तालुक्यात, आसेगावच्याही पुढं बैलगाडीनं. त्या गाडीतून मी उतरले ती पायात मोजे आणि सपाता घालून. बायका नव्या नवरीचं तोंड बघायला जमल्या होत्या, पण तोंड कुणी बघितलंच नाही. साऱ्यांची नजर मोज्यांवर. त्या घोळक्यातून एक ठेंगणी, रुंद बाई पुढं आली, वाकली, आणि माझ्या मोज्याला बोट टोचून म्हणाली, "काय वं हे? पायाले पडसं झालं काय?"

ती मैनामाय. आमची शेजारीण.

माझ्या मोज्यांचं तिनं हसू केलं खरं, पण पायांच्या बाबतीत त्या गावात तीच माझी जवळची निघाली. कारण बायकांमध्ये वहाणा घालणारी ती एकटी. बाकी साऱ्या जणी अनवाणी. विहिरीवरही अनवाणी आणि लग्नातही अनवाणी. मैनामायच्या नवऱ्यानं मंगरूळच्या मोच्याकडून तिच्या मापाच्या वहाणा करवून आणल्या होत्या, लाल गोंड्याच्या, आणि सासूच्या देखत तिच्या पायात घालायला लावल्या होत्या. त्यावरून घरात जे रामायण झालं ते मी सून म्हणून आले तरी गाव अजून चवीनं सांगत होतं. पुढं नवरा गेला. पोर लहान, वावर मोठं. लोक म्हणाले, आता तरी वहाणा काढ बाई, शोभत नाही. त्यावर मैनामायचं उत्तर ठरलेलं होतं. "कुकू त्याहीनं संग नेलं. वहाना मले ठेवून गेले."

त्या वहाणा झिजल्या की तशाच दुसऱ्या यायच्या. तिच्या आधी तिच्या वहाणांची करकर यायची, आणि तिच्याही आधी तिचा आवाज. ती चालताना बोलायची. कुणाशी, तर पायांशी. डावा पाय कामचुकार, असं तिचं पक्कं मत होतं. "हा डावा उजव्याच्या जिवावर खाते," म्हणायची. पायरी चढताना डाव्याला शिव्या, उतरताना उजव्याला शाबासकी. मला आधी वाटलं म्हातारीला चळ लागलाय. नंतर मी स्वतःच वाटाण्याच्या शेंगांशी बोलायला लागले, तेव्हा तो विषय मी सोडून दिला.

आता भांडणाकडं येते.

मैनामायच्या वावराला लागून तिच्या भासऱ्याचं वावर होतं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. नाव तुळशीराम. उंच, वाळका, कमी बोलणारा. दोन्ही वावरं वरच्या अंगाला पळसाच्या झाडापासून निघून खाली नाल्यापर्यंत उतरायची, आणि मध्ये दगड रोवलेला धुरा, म्हणजे बांध, होता. मी यायच्या आदल्या साली भादव्यात नाला असा आला की त्यानं धुरा खाल्ला, दगडही नेले. पुढच्या पेरणीला मैनामाय लेकीच्या बाळंतपणासाठी कारंज्याकडं गेलेली. परत येऊन बघते तर तिच्या बाजूच्या पट्टीत भासऱ्याची तूर उगवून आलेली, हिरवीगार.

पट्टी अरुंदच होती. पण तिच्यातूनच मैनामायचे बैल नाल्यावर उतरायचे. बाकी सगळीकडं नाल्याची दरड उभी. पट्टी गेली असती तर वावर राहिलं असतं, पाणी गेलं असतं. आणि उन्हाळ्यात बैलांना पाणी दाखवायला भासऱ्याच्या दाराशी विचारायला जावं लागलं असतं. मैनामायला वावर गेलेलं चाललं असतं की नाही ते मला माहीत नाही. विचारायला जाणं मात्र चाललं नसतं.

पटवारी आला, साखळी धरली, घाम पुसला, आणि म्हणाला की दगडच नाहीत तर साखळी धरू कुठून, गावातच मिटवा. कोर्ट वाशीमला. मैनामाय म्हणाली, "वाशीमले जाऊन सुना आनते मानूस, वावर नाही आनत." मी शेजारीच उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढं म्हणाली, "आन सुनाही कशा भेटते ते पाहून राह्यली मी."

दिवाळीच्या सुमाराला चावडीवर पंच बसले. बायकांनी मागच्या भिंतीला बसायचं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला घेऊन गेल्या होत्या. इथं एक अडचण सांगितली पाहिजे. आमच्याकडं भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही आणि तिनंही त्याच्याशी नाही. जन्मभर नाही. मग भांडायचं कसं? तर मध्ये काहीतरी ठेवायचं. घरी असताना हे काम मैनामायची म्हैस करायची. चावडीवर म्हैस नव्हती, म्हणून तुळशीरामबुवा खांबाशी बोलले.

"इले म्हना माती घे," ते खांबाला म्हणाले. "पह्यलेच्या काळी धुऱ्याचा झगडा मातीनंच तुटे. घे म्हना डोक्शावर ढेकूळ आन चाल म्हना."

माती घेणं म्हणजे काय ते मला आत्याबाईंनी कानात सांगितलं. ज्याचा दावा असेल त्यानं अंघोळ करून, भांडणातल्या जमिनीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, वर बेलाची पानं ठेवायची, आणि आपला धुरा जिथून होता तिथून अनवाणी चालत जायचं. थांबायचं नाही, बसायचं नाही, ढेकळाला हात लावायचा नाही. मागून नांगर येतो. माणूस चालेल तो धुरा. म्हाताऱ्या पाटलांच्या बापाच्या काळात शेवटचं कुणीतरी चाललं होतं.

"आन तूर निघाल्यावर चाल म्हना," तुळशीरामबुवा पुढं म्हणाले. "तुरीच्या खुटातून. वहाना घालून नाही."

तिथं दोघे-तिघे हसले. तुरीचं झाड कापलं की खाली जो खुंट राहतो तो लाकडासारखा कडक असतो, अणकुचीदार. जन्माचा अनवाणी माणूसही त्यातून पाय जपून टाकतो. आणि ही तर लाल गोंड्याची बाई. भासऱ्यानं तिच्या पायांकडं बघूनच डाव टाकला होता.

मैनामाय उठली. पायातल्या वहाणा काढल्या, उचलून त्या खांबाच्या बुडाशी नीट जोडीनं ठेवल्या, आणि खांबालाच म्हणाली, "सांगजो त्याहिले, माघाच्या पुनवेले येतो मनाव. तवापर्यंत ह्या तुह्याजोळ राहू दे."

आणि चावडीच्या पायऱ्या उतरून घराकडं चालू लागली. इतकी ताठ, की मागून वाटावं राणी निघाली. मी शेजारून चालत होते म्हणून मला पुढची बाजू दिसली. प्रत्येक खड्याला तिचा एक डोळा मिटत होता.

तेव्हापासून माघापर्यंतचा तो हिवाळा. आमच्याकडची थंडी लोकांना खोटी वाटते, कारण आमचं नाव उन्हाळ्यासाठीच झालेलं. पण पौषात पहाटे काळ्या जमिनीवर दव पडलं की ती जमीन पाय कापते. ती थंडी टाचेतून शिरते आणि दातात निघते. आणि थंडीचं दुसरं काम म्हणजे भेगा. कोरड्या हवेत टाचा फाटतात, त्यात माती भरते, पाऊल टेकलं की रक्त. म्हणजे जो हिवाळा पाय घट्ट करतो तोच पाय फाडतो. या दोन्हींच्या मधून मैनामायला वाट काढायची होती.

पहिल्यांदा ती मंगरूळला त्याच मोच्याकडं गेली. त्याला वाटलं नवी वहाण. तिनं विचारलं, चामडं कशानं कमावता? तो म्हणाला, बाभळीच्या सालीनं. तिनं पाय पुढं केला आणि म्हणाली की मग हे कमावता येईल का ते सांग. तो बिचारा लाजला. "माय, ते मेलेल्या कातड्याचं काम हाये. जित्या कातड्याले कोनी कमावते काय?"

"जित्यालेच कमावा लागते बाबा," मैनामाय म्हणाली. "मेलेल्याले कुठी जाचं हाये?"

हे ती परत येऊन आम्हाला स्वतःच सांगायची, मोच्याच्या आवाजात एकदा आणि आपल्या आवाजात दोनदा. मग रोज संध्याकाळी तिच्या चुलीवर बाभळीच्या सालीचं पाणी उकळू लागलं, चहापेक्षा काळं. ते पुरतं गार झालं की त्यात पाय. भेग पडली की बिब्बा तापवून सुईच्या टोकानं त्याचं तेल बरोबर भेगेत, इकडं तिकडं लागलं तर फोड. तेल नाही, तूप नाही, गरम पाणी नाही. आणि शेकोटी तर नाहीच. हुरड्याच्या दिवसांत सगळं गाव आगटीभोवती बसायचं, तळपाय आगीकडं करून. मैनामायही यायची, कारण गप्पांशिवाय तिला हुरडा गोड लागत नसे. पण बसायची आगीकडं पाठ करून. गोष्ट सांगायची अंधाराला, आणि हसायचो आम्ही मागून.

पहाटे ती चालायला जायची. आधी दवातून, मग मुरुमाच्या गाडरस्त्यानं, मग ज्वारीच्या धसकटातून. परत आली की ओट्यावर बसायची, पाय मांडीवर घ्यायची आणि बोटाच्या पेरानं तळवा ठोकायची, बाजारात मडकं ठोकून बघतात तसा. सुरुवातीला आवाजच नाही. मग हळूहळू भद्द. मग एक दिवस तिनं मला भिंतीवरून हाक मारली. "इकडे ये वं वाशीमवाले. आयक."

मी ऐकलं. टक, टक.

"वाजून राह्यला का नाही?"

"वाजतोय."

"आता डावा आयक." डावा ठोकला. "आळशी हाये, पन हाही बोलाले लागला."

एकदा मला उमाळा आला आणि मी तिच्याबरोबर पहाटे अनवाणी निघाले. मला वाटलं हे मनाच्या खंबीरपणाचं काम आहे, आणि मन माझं खंबीरच आहे. सातवी पास होते मी. गावाबाहेरच्या पिंपळापर्यंत मी मोठ्या दिमाखात गेले. पुढं सराट्याचे काटे होते. मी खाली बसले ती तिथंच. ना पुढं जाता येईना, ना मागं. मैनामाय वळून आली, माझ्या तळव्यातले काटे काढले, आणि मग मला पाठुंगळीवर घेतलं. नव्या सुनेला. भर गावातून. विहिरीवरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. मी तिच्या खांद्यात तोंड लपवलं तर ती मोठ्यानं म्हणाली, "तोंड कायले लपवतं? चालून मी राह्यली."

पौषात तुळशीरामबुवा एकदा तिच्या अंगणात आले. हातात नव्या वहाणांचा जोड. तो त्यांनी गोठ्याच्या दाराशी ठेवला आणि म्हशीला म्हणाले, "तुह्या मालकिनीले सांग, थंडी लय हाये. गावात हसू होऊन राह्यलं. पट्टीचं पानी मी काही बंद नाही करत. इचारून नेजो मनाव बैल."

मैनामाय चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हशीलाच म्हणाली, "तूच सांग वं त्याहिले. इचारून पेते ते भिकारी. धुऱ्यानं जाते ते मालक. आन वहाना घेऊन जा मनाव, तूर काप्याले जातीन तवा कामी पडतीन."

म्हशीनं दोघांकडं बघितलं आणि शेण टाकलं. भांडण तिथं संपलं.

तूर त्यांनी माघात कापली. सगळ्या वावरातली जमिनीलगत, आणि त्या पट्टीतली उंच ठेवून, विळ्याचे तिरपे घाव घालून. वरून बघितलं तर कुणी खिळे पेरल्यासारखं दिसायचं. खरी मेख दुसरीच होती, ती मला पाटलांच्या बायकोनं समजावून सांगितली. पट्टीच्या लगतच मैनामायचं स्वतःचं वखरलेलं वावर होतं, मऊ, भुसभुशीत. चालताना पाय सहन करेना झाला की माणूस आपोआप मऊ मातीकडं सरकतो. आणि माणूस चालेल तो धुरा. तुळशीरामबुवांना तिनं थांबायला नको होतं. तिनं नुसतं बाजूला सरकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आता माझी करामत.

पुनवेच्या आदल्या दिवशी माती घेणाऱ्यानं उपास करायचा असतो. मैनामायनं तो केला, महादेवाला जाऊन आली, पळसापासून नाल्यापर्यंत पट्टी डोळ्याखालून घालून आली, आणि दिवेलागणीच्या आधी आमच्या ओसरीवर खांबाला टेकून बसली. आत्याबाई गोठ्यात धार काढत होत्या. बोलता बोलता मैनामायचा डोळा लागला.

तिचे पाय माझ्यासमोर होते. काळे, जाड, बिब्ब्यानं डागलेले. टाचेच्या भेगा बुजलेल्या, पण त्यांच्या कडा दगडासारख्या उभ्या. मला वाटलं, उद्या या भेगांत तुरीचे खुंट अडकले तर? मला खरंच वाटत होतं की पाय कमावणं म्हणजे दुखणं सोसायची सवय करणं. त्यात कातडीचा काय संबंध? कातडी बिचारी सगळा हिवाळा हाल काढत होती, तिला कुणीतरी माया लावायला नको? आणि माझ्या रुखवतात पितळी वज्री आली होती, मोराच्या मुठीची. ती वापरायला अजून संधीच मिळाली नव्हती.

मी घमेल्यात गरम पाणी आणलं, मीठ टाकलं, अलगद तिचा उजवा पाय त्यात सोडला. ती जागी झाली नाही. उपाशी, थकलेली, आणि त्या तळव्याला काही कळतच नव्हतं. भिजू दिला. मग वज्री. काय सांगू, खरवडल्यासारखं निघत होतं. पाण्यावर काळी साय आली. खालून गुलाबी पाय निघाला, लेकराच्या गालासारखा. मी त्याला कोमट तेल चोळलं. मनात म्हटलं, आत्याबाई आता बघतील, वाशीमच्या पोरीच्या हाताला काय गुण आहे.

मी डावा उचलायला वाकले आणि आत्याबाई चरवी घेऊन आल्या.

त्या घमेल्याकडं बघत राहिल्या. मग वज्रीकडं. मग माझ्याकडं. "काय केलं वं," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्या आवाजानं मैनामाय जागी झाली.

तिनं पाय वर घेतला. बघितला. बोटाच्या पेरानं ठोकला. आवाज आला नाही. पुन्हा ठोकला. मग डावा ठोकला, तो वाजला. पुन्हा उजवा. त्या बाईच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी जन्मात तेवढा एकदाच पाहिला.

आत्याबाईंनी कोपऱ्यातला फडा उचलला. बरोबरच होतं. मी पाठ करून उभीही राहिले.

"राहू दे वं," मैनामाय म्हणाली. "तिले मारून का पाय उगनार हाये?" मग मला म्हणाली, "दाखो तुहे हात. इतकं घासलं, घट्टे पडले असतीन. पडले असतीन तं मले उसने दे."

मला रडू फुटलं.

आत्याबाई म्हणाल्या, "पाटलाले सांगू. पुढच्या पुनवेवर टाकू."

"अन् काय सांगशीन? शेजारच्या सुनेनं पाय धुतले मनून माती नाही घेत?" मैनामाय उठून उभी राहिली. उजवा पाय जमिनीला लागला तसं तिनं तव्यावर ठेवल्यासारखा तो उचलला, आणि पुन्हा ठेवला, यावेळी पुरता. "पाय दोन हायेत. एक शाबूत हाये. दुसऱ्याले त्याच्या मांगं याच लागीन."

आणि ती गेली. पायरी उतरताना पहिल्यांदाच तिनं पायांना काही म्हटलं नाही.

सकाळी सगळं गाव पळसाखाली होतं. थंडी अशी की बैलांच्या नाकातून धूर. मैनामाय ओल्या केसांनी, ओल्या लुगड्यानं आली. पाटलांनी पट्टीतलं ढेकूळ उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं, वर बेलाची पानं. "थांबाचं नाही मैना. हात लावाचा नाही."

"नांगर तयार ठेवा," ती म्हणाली.

आम्ही बायका तिच्या वावरातून, मऊ मातीतून, तिच्या बाजूबाजूनं चाललो होतो. ती खुंटातून. मान ताठ, नजर खाली नाल्यावर, त्यामुळं पाय कुठं पडतो ते तिला दिसणारच नव्हतं. पायांशी तिचं बोलणं सुरू झालं होतं, हलक्या आवाजात. "चाल रे डाव्या. आज तुही परीक्षा हाये. पुढं हो." मला ते ऐकू येत होतं आणि ते ऐकू येतंय तोवर मला धीर होता.

अर्ध्या वाटेवर ते थांबलं.

ती थांबली नव्हती. बोलणं थांबलं होतं. मी खाली बघितलं. उजवा पाय उचलला गेला तेव्हा तळवा लाल होता. पुन्हा टेकला, पुन्हा उचलला. काळ्या मातीवर रक्त दिसत नाही, माती पिऊन टाकते, आणि मागून नांगर येऊन तेवढंही उलथवत होता. तिचं अंग किंचित कललं. आमच्या बाजूला, मऊ मातीकडं. माझ्या मनात आलं, ये, सरक, एक पाऊल ये, जाऊ दे ती पट्टी. बघा म्हणजे माझी अक्कल. आदल्या दिवशी पाय घालवला आणि आता वावर घालवायला निघाले होते.

ती सरकली नाही. बोलणं पुन्हा सुरू झालं. पण आता ती डाव्याला शिव्या देत नव्हती. "बापा," म्हणत होती डाव्या पायाला, "बापा, तूच हायेस आता," आणि उजव्याला, "ठेव. ठेव. पुरा ठेव." आणि तो पुरा ठेवत होती. टाच उचलून, चवड्यावर लंगडत चालता आलं असतं. नियमात ते बसलं असतं. तिनं तसं एकही पाऊल टाकलं नाही.

नाल्याच्या तोंडाशी तुळशीरामबुवा उभे होते. रीत अशी, की हरलेल्यानं जिंकलेल्याच्या डोक्यावरची माती उतरवायची. मैनामाय त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं; खांब नाही, म्हैस नाही. ते इकडं तिकडं बघू लागले, जणू बोलायला काहीतरी सापडतंय का.

"धरा," मैनामाय त्यांना म्हणाली. त्यांना, थेट. "मान भरली माही."

त्यांनी दोन्ही हातांनी ढेकूळ उतरवलं. त्यांची नजर खाली गेली, तिच्या पायांवर. मग तेही थेट बोलले, जन्मात पहिल्यांदा. "आंधी पाय धू," म्हणाले. ढेकूळ त्यांनी तिथंच दरडीवर धुऱ्याच्या टोकाला ठेवलं आणि वर न बघता निघून गेले. त्या दिवशी दुपारी मैनामायचे बैल त्या पट्टीतून नाल्यावर उतरले, कुणाला न विचारता.

उजवा पाय सुजला. ती कितीतरी दिवस खाटेवर होती. आत्याबाई मला भाकरी देऊन पाठवायच्या आणि मी ती उंबऱ्यावर ठेवून पळायची. आतून हाक यायची, "कोन वं?" मी ओ देत नसे. तिच्यासमोर उभं राहायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि खंबीर मनाची गोष्ट मी केव्हाच बंद केली होती.

चैत्रात माझ्या नवऱ्याची, ते शाळेत मास्तर होते, अकोल्याकडं बदली झाली. पुढं काही वर्षांनी मैनामाय गेली तेव्हा मी तिकडंच होते, कळलं तेही उशिरा. म्हणून माझ्याजवळ तिचं शेवटचं दिसणं आहे ते आम्ही निघायच्या आदल्या दुपारचं. मी अंगणात भांडी बांधत होते. वहाणांची करकर आली नाही, म्हणून मला पळायला वेळ मिळाला नाही. ती अनवाणी आली, चावडीच्या खांबापाशी ठेवलेल्या वहाणा हातात घेऊन. ओट्यावर बसली. वहाणा बाजूला ठेवल्या. दोन्ही पाय पुढं पसरून बघितले. उजवा भरून आला होता, व्रणांच्या रेघा होत्या, पण अजून गोरा आणि मऊ. डावा होता तसा, काळा कुळकुळीत. मी मान खाली घालून काहीतरी पुटपुटले, माफी वगैरे. तिनं ते ऐकलं नसल्यासारखं केलं. मला खाली बसायची खूण केली, डावा पाय उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवला, आणि म्हणाली:

"हा एक राह्यला तुहा. घास. उद्यापासून वहाना घालीन म्हनतो, पन एक पाय सुनेचा आन एक पाय सासूचा, असं घेऊन गावात कोन्या तोंडानं फिरू?"